१९६६ च्या एमजीबीत अधिक ताकदीचे इंजिन बसवावे का?

रावपुरेकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या मामांची १९६६ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची उघड्या छताची गाडी, दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, त्या काळात मामांनी ती मुंबईहून घेतली आणि स्वतः चालवत बडोद्याला आणली. तेव्हापासून ती इथेच आहे. शेवटची दहा-बारा वर्षे मात्र दांडिया बाजारातल्या घराच्या देवडीत ताडपत्री पांघरून उभी होती. मी ब्रेक, टायर, पेट्रोलची टाकी आणि वायरिंग एवढी कामे करून घेतली. इंजिनाला तेल, प्लग आणि सीबी पॉइंट बदलण्यापलीकडे हात लावलेला नाही.

गाडी चालते, पण तिच्यात दम नाही. हालोलपर्यंतच्या सपाट रस्त्यावर ते फारसे जाणवत नाही. पावागडावर माचीपर्यंत चढताना मात्र तिसऱ्या गिअरमध्ये ती अडखळू लागते, दुसऱ्यात घ्यावी लागते आणि दुसऱ्यातही ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून धरावा लागतो. दिवाळीत मामी शेजारी बसल्या होत्या. चढावर मागून एक रिक्षा भोंगा वाजवत पुढे निघून गेली तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त डॅशबोर्डवर हात ठेवून बसल्या. मला फार वाईट वाटले. अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर निराळीच अडचण आहे. ताशी ९०-१०० किलोमीटरला इंजिन इतके ओरडते की शेजारच्याशी बोलता येत नाही.

शहरातल्या एका गॅरेजने कॉन्टेसा क्लासिकचे १.८ लिटरचे इसुझू इंजिन, त्याच्या पाच गिअरच्या बॉक्ससह बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. त्यांच्या मते जुने इंजिन 'आता फक्त भंगारात घालण्यासारखे' आहे. इंग्लंडमध्ये या गाडीत रोव्हरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवतात, असेही मी वाचले आहे. हालोलला एमजीचा कारखाना आहे, तिथे का विचारत नाही, असे भेटणारा प्रत्येक जण सुचवतो. त्या कारखान्यात २०१९ पासून एमजीचा बिल्ला लावलेल्या गाड्या बनतात हे खरे, पण माझ्या गाडीच्या एका नटाचाही त्यांच्याशी संबंध नाही, हे आता मी सांगून थकलो आहे.

इंजिन बदलावे का, बदलले तर कोणते घ्यावे, आणि त्याबरोबर आणखी काय बदलावे लागेल, हे जाणकारांनी सांगावे. खर्चाची तयारी आहे, पण खर्च एकदाच व्हावा आणि पश्चात्ताप होऊ नये, एवढीच इच्छा आहे.

टॅपेट_पंधरा

रावपुरेकर, मी मकरपुरा जीआयडीसीत चौतीस वर्षे इंजिनांचे बोअर, क्रँक आणि हेड यांचीच कामे केली आहेत. त्यांतली निम्मी तरी इंजिने अँबॅसडरची असतील. हे सांगण्याचे कारण असे की आपल्या एमजीबीचे इंजिन आणि जुन्या अँबॅसडरचे १४८९ सीसीचे इंजिन ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, एमजीची तेव्हाची मालक कंपनी) बी-सीरिजची. दोघांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, सुद्धा एकच, ८८.९ मिलिमीटर. एमजीबीत बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८०.२६ मिलिमीटरचा करून १७९८ सीसी मिळवले आहेत, आणि १९६४ च्या अखेरीपासून क्रँकला तीनऐवजी पाच मेन बेअरिंगे दिली आहेत. तुमच्या इंजिन नंबराची सुरुवात '१८जीबी' अशी असेल तर ते पाच बेअरिंगांचे, मजबूत इंजिन आहे. नीट ठेवले तर ते एका माणसाच्या हयातीला पुरून उरते, म्हणून ते भंगारात घालण्याचा सल्ला वाचून मला राहवले नाही.

आता आकड्यांकडे पाहू. तुमच्या इंजिनाची कंपनीने सांगितलेली ताकद ९५ बीएचपी (अश्वशक्ती) आहे. कॉन्टेसाचे इसुझू इंजिन चांगले आहे यात वाद नाही, पण तेही नव्वदीच्या आतलेच आहे. म्हणजे सगळी खटपट करून, इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे ते ज्यावर बसते ते आधार, नव्याने जोडून, ओव्हरहेड कॅममुळे वाढलेल्या उंचीसाठी बॉनेटखाली जागा शोधून तुम्हाला मूळ ताकदीहून काही कमीच मिळेल. तरीही गाडी आजच्यापेक्षा चांगली पळेल, ती एवढ्यासाठीच की आज तुमचे इंजिन ९५ पैकी किती देत आहे हे कोणी मोजलेलेच नाही. माझ्या अंदाजाने ते साठीच्या घरात असावे. रिक्षा पुढे जाते ती एमजीबीची उणीव नव्हे, ते दुखणे आहे, आणि दुखणे कुठे आहे ते आधी शोधायला हवे.

सुरुवात कॉम्प्रेशनपासून, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजण्यापासून करा. इंजिन गरम करून चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्या. धडधाकट इंजिनात तो १५० ते १६० पौंडांच्या आसपास येतो, आणि चौघांत फार फरक नसतो. एखाद्यात कमी आला तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या आहेत, जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह. माझा संशय व्हॉल्व्हवर आहे. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलसाठी घडवलेले आहे, आणि आपल्याकडे २००० सालापासून शिशाचे पेट्रोल बंद झाले. शिसे नसले की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या बिडाच्या सीटवर आपटून आपटून ती खात जातो, आत आत रुतत जातो, टॅपेटचा गॅप आपोआप मिटतो, व्हॉल्व्ह पुरता बंद होईनासा होतो आणि कडेने जळू लागतो. या हेडमध्ये एक्झॉस्टची तोंडे तीनच आहेत. दोन आणि तीन नंबरचे सिलिंडर मधल्या एकाच तोंडातून धूर सोडतात, त्यामुळे तिथे उष्णता सर्वात जास्त असते. म्हणून दोन आणि तीनकडे विशेष लक्ष द्या. टॅपेटचा गॅप थंड इंजिनावर पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८ मिलिमीटर ठेवायचा असतो. माझे इथले नाव त्यावरूनच घेतले आहे.

नंतर कार्ब्युरेटर. दोन्ही एसयू कार्ब्युरेटरांच्या डोक्यावरची काळी टोपी फिरवून डॅम्पर बाहेर काढा आणि आत तेल आहे का पाहा. बहुतेकदा ते कोरडे असते, कारण आत तेल घालायचे असते हेच नव्या मिस्त्र्यांना माहीत नसते. तेल नसेल तर ॲक्सिलरेटर दाबताक्षणी पिस्टन एकदम वर उडतो, मिश्रण पातळ होते आणि गाडी अडखळते. एअर फिल्टर काढून, तोच पिस्टन बोटाने वर उचलून सोडून द्या. खाली बसताना 'टक्' असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर पिस्टन किंवा नीडल कुठेतरी घासते आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याला मिश्रण थोडे जाड लागते. एसयूमध्ये खालचा नट फिरवून ते करता येते, हे या कार्ब्युरेटरचे मोठे सुख आहे. मात्र रबराच्या जुन्या पेट्रोल नळ्या आजच बदला, इथेनॉल त्यांना आतून फुगवते आणि तडे पाडते. पेट्रोल गळाले तर ते तापलेल्या एक्झॉस्टवर पडेल.

शेवटी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपल्याकडचा डेलको. गाडी दहा वर्षे उभी होती म्हणता, तर पॉइंटच्या पाटीखालची वजने आणि स्प्रिंगा गंजून बसल्या असण्याची शक्यता फार आहे. टायमिंग लाइट लावून रेस वाढवा. खूण सरकत पुढे गेली पाहिजे. हलली नाही तर इंजिनाला वेगात ॲडव्हान्स मिळतच नाही, म्हणजे ठिणगी हवी तितकी लवकर पडत नाही, आणि मग चढावर ते मान टाकते यात नवल नाही.

हे सगळे करून, हेड उतरवून, एक्झॉस्टला कडक सीटा बसवून घ्या आणि मग चढ चढून पाहा. एवढ्यावर समाधान झाले नाही तर याच ब्लॉकमध्ये ताकद वाढवता येते. साठ थाऊ बोअर केला तर १८६८ सीसी होतात, आणि ८३.५ मिलिमीटरपर्यंत नेला तर साधारण १९५० सीसी. चांगला कॅम आणि नीट पोर्ट केलेले हेड जोडीला असेल तर १२० बीएचपीपर्यंत जाणे अशक्य नाही. बाहेरून इंजिन तेच दिसते, नंबर तोच राहतो आणि एकही फाउंडेशन कापावे लागत नाही.

आठ_सिलिंडर

वरचे विवेचन मन लावून वाचले. त्यातला एकही तांत्रिक मुद्दा मला खोडायचा नाही. तरीही मी या प्रश्नाची दुसरी बाजू मांडतो, कारण कॉव्हेंट्रीत नोकरीला असताना मी स्वतः १९७८ च्या एमजीबी जीटीत रोव्हरचे ३.५ लिटरचे इंजिन बसवले आणि अकोट्याला परत येईपर्यंत अकरा वर्षे ती गाडी रोज चालवली. इंजिन बदलणे म्हणजे गाडीचा अपमान, असे मला मुळीच वाटत नाही. एमजीच्या इंग्लंडमधल्या मूळ कारखान्यानेच हे दोनदा केले आहे, आणि त्या दोन वेळांत जे घडले त्यातून तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

पहिल्यांदा १९६७ मध्ये. तेव्हा त्यांनी याच गाडीत २९१२ सीसीचे सहा सिलिंडरचे लोखंडी इंजिन घातले आणि तिला एमजीसी असे नाव दिले. ताकद १४५ बीएचपी झाली, पण नाकावर सुमारे ९५ किलो वजन वाढले. इंजिन मावावे म्हणून पुढचे सस्पेन्शन बदलून टॉर्शन बार लावावे लागले, बॉनेटवर फुगवटा काढावा लागला. तरी वळणावर गाडी बाहेर ओढते अशी टीका झाली, आणि दोन वर्षांत तिचे उत्पादन थांबले. दुसऱ्यांदा १९७३ मध्ये. ॲल्युमिनियमचे ३५२८ सीसीचे आठ सिलिंडरचे इंजिन त्यापूर्वी केन कॉस्टेलो यांनी स्वतःच्या हिमतीवर एमजीबीत बसवून दाखवले होते, मग कारखान्याने तेच इंजिन घेतले. त्याचे वजन जुन्या चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनाच्या जवळपासच आहे. त्यामुळे गाडीचा तोल राहिला, टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर, मात्र ११० पौंड-फुटांवरून १९३ वर गेला. १९७६ पर्यंत अशा २५९१ गाड्या बनल्या आणि आज लोक त्या शोधत फिरतात. तेव्हा कोणतेही इंजिन निवडताना बीएचपीच्या आधी त्याला तराजूवर ठेवा.

आता माझी चूक सांगतो. मी इंजिन बसवले आणि मागचा एक्सल तसाच ठेवला, ३.९०९ च्या क्राऊन-पिनियनसह, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ३.९०९ फेरे. पहिला गिअर टाकून क्लच सोडतो न सोडतो तोच दुसरा टाकावा लागे, ओल्या रस्त्यावर मागची चाके जागच्या जागी फिरत, आणि मोटरवेवर तर इंजिन जुन्या इंजिनाइतकेच ओरडे, फक्त आठ तोंडांनी. कारखान्याने आपल्या व्ही-एटमध्ये (आठ सिलिंडरच्या गाडीत) ३.०७ चे गुणोत्तर का घातले होते, ते तेव्हा मला कळले. एक्सल बदलला, त्या एका कामात हिवाळा गेला. मग उन्हाळ्यात रहदारीत पाणी उकळू लागले. कारखान्याच्या व्ही-एटमध्ये रेडिएटर पुढे सरकवून दोन इलेक्ट्रिक पंखे दिले होते, मी एकावर भागवायला गेलो होतो. ही इंग्लंडच्या उन्हाळ्याची गोष्ट आहे. मे महिन्यात मांडवीच्या गर्दीत, ४२ अंशांत, ते इंजिन काय करील याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

तुमच्या गाडीत अडचणी माझ्यापेक्षा जास्त आहेत. माझी गाडी रबर बंपरची होती आणि त्या सांगाड्याच्या आतल्या बाजू मुळातच व्ही-एटसाठी आकारलेल्या असतात. १९६६ च्या सांगाड्यात एक्झॉस्ट आणि स्टिअरिंगचा दांडा यांना जागा करण्यासाठी पत्रा कापावा किंवा ठोकावा लागेल. पाच गिअरचा रोव्हर बॉक्स घ्यायचा तर गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदाही मोठा करावा लागतो. तुमचा एक्सल जुन्या बँजो प्रकारचा असणार, तो एवढा टॉर्क फार दिवस सोसणार नाही. पुढचे डिस्क जाड आणि कॅलिपर मोठे हवेत. शिवाय कारखान्याने व्ही-एट केवळ बंद छताच्या जीटीत दिले, उघड्या रोडस्टरमध्ये त्या काळी दिलेच नाही, हेही लक्षात घ्या. त्यातून आपल्याकडे ते इंजिन सहजी मिळत नाही, आणि वापरलेला माल परदेशातून आणायचा म्हणजे परवानग्यांची स्वतंत्र लढाई.

एवढे सगळे सांगूनही एक गोष्ट लपवणार नाही. तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजारांवर, नुसता पाय टेकवला की ती गाडी ज्या शांतपणे पुढे सरकायची, तसा अनुभव मला पुन्हा कोणत्याही गाडीत आला नाही. ज्याला हे हवे आहे त्याने ते करावे, पण मुळात इंजिन नसलेला किंवा आधीच कापाकापी झालेला सांगाडा शोधून करावे. तुमची गाडी एकाच कुटुंबात, पहिल्या इंजिनासह राहिलेली आहे. ती मी कापली नसती.

रावपुरेकर

दोघांचेही मनापासून आभार. एक विचारायचे राहिले. आरसी बुकावर जो इंजिन नंबर आहे तोच ब्लॉकवर आहे, हे मी काल टॉर्च घेऊन पाहिले. इंजिन बदलले तर आरटीओत नवा नंबर चढवून मिळतो, असे गॅरेजवाले सांगतात. हे खरे आहे का?

पासिंग_आणि_परवाने

यातले खरे किती ते सांगतो, कारण अर्धे खरे ऐकून लोक अडचणीत आलेले मी पाहिले आहेत. निकामी झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन बसवणे आणि परवानगीने त्याची नोंद करून घेणे, ही एक गोष्ट. दुसऱ्या कंपनीचे, वेगळ्या क्षमतेचे इंजिन बसवणे ही अगदी निराळी गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ असे सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ असाच कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले, आणि त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. एमजीबीत इसुझू इंजिन 'चढवून देतो' असे जो सांगतो त्याच्याकडून ते लेखी मागा. अपघात झाला तर विमा कंपनी सर्वात आधी इंजिन नंबरच तपासते.

तुमच्या बाबतीत याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यांत बसते. अशा गाडीला नंबरात 'व्हीए' ही अक्षरे असलेली वेगळी पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, आणि ती दहा वर्षे चालते. मात्र त्यानंतर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कारणांपुरतीच ती चालवायची असते, तेव्हा ही पाटी घ्यायची की नाही हा निर्णय घाईने करू नका. पण इंजिन बदलले की हा दरवाजा बहुधा कायमचा बंद होईल, हे नक्की ध्यानात ठेवा. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा जो मोठा सोहळा झाला, तो तुम्ही पाहिला असेलच. तिथे परीक्षक बॉनेट उघडून आधी काय वाचत होते, ते आठवा.

रावपुरेकर

पाच आठवड्यांनी लिहितो आहे, क्षमस्व. सांगितलेल्या क्रमानेच कामे केली. कॉम्प्रेशनचे आकडे अनुक्रमे १५०, १४०, ८५ आणि १४८ आले. तीन नंबरमध्ये तेल सोडूनही आकडा ८५ वरून ९० च्या पुढे गेला नाही. हेड उतरवल्यावर तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हातात घेतला तर त्याची कड अळीने कुरतडलेल्या पानासारखी एका बाजूने गेलेली होती, आणि सीट इतकी खाली रुतली होती की तिच्यावर बोट फिरवताना खड्डा स्पष्ट लागत होता. मामांनी ही गाडी चालवण्याच्या शेवटच्या वर्षांत 'ती आता दमते' असे म्हणणे सुरू केले होते. तेव्हा आम्ही ते त्यांच्या स्वतःच्या वयाविषयीचे बोलणे समजत होतो.

चारही एक्झॉस्टला मकरपुऱ्यात कडक सीटा बसवून घेतल्या, नवे व्हॉल्व्ह आणि गाइड घातले. बोअर मोजले, झीज मर्यादेत निघाली, म्हणून ब्लॉकला हात लावला नाही. डॅम्पर दोन्ही कोरडे होते. त्यांत २० नंबरचे इंजिन ऑइल घातले. डेलकोची वजने खरोखरच गंजाने जखडली होती, रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून मोकळी केली. टायमिंग लाइटखाली खूण पुढे सरकताना पाहिली तेव्हा मी आणि मिस्त्री दोघेही काही क्षण नुसते बघत राहिलो. पेट्रोलच्या नळ्या सगळ्या नव्या आहेत, मिश्रण थोडे जाड केले आहे.

मागच्या रविवारी पहाटे मामींना घेऊन पुन्हा माचीला गेलो. सगळा चढ तिसऱ्या गिअरमध्ये झाला. दोन तीव्र वळणांवर तेवढा दुसरा टाकला, तोही गरज म्हणून नव्हे तर वळण नीट बसावे म्हणून. वर पोहोचल्यावर मामी म्हणाल्या, "हा आवाज आहे तिचा." त्यामुळे इसुझूचा विचार मी सोडून दिला आहे. ज्या गॅरेजने इंजिन भंगारात घालायला सांगितले होते त्यांनी एकदाही कॉम्प्रेशन मोजले नव्हते, हे मला आता फार खटकते.

एक्स्प्रेसवेचा त्रास मात्र तसाच आहे. चौथ्या गिअरमध्ये शंभरला काटा साडेतीन हजारांजवळ असतो. यावर काही करता येईल का?

टॅपेट_पंधरा

आकडे वाचून समाधान वाटले. शंभरला साडेतीन हजार हे या गाडीचे बरोबर गणित आहे, तिथे बिघाड शोधू नका. ताकद कमी नसून वरचा एक गिअर कमी आहे, म्हणून नुसते इंजिन बदलून हा त्रास गेला नसता. वर आठ सिलिंडरवाल्यांनी स्वतःचा अनुभव सांगितलाच आहे.

यावरचा मूळ उपाय म्हणजे लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसणारा जादा उंच गिअर. तो एमजीबीला कारखान्यातूनच पर्याय म्हणून मिळत असे, तेव्हा तो बसवला तर गाडी तिच्या काळाबाहेर जात नाही. तुमच्या वर्षाच्या बॉक्सवर तो तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला लागतो, त्याचे गुणोत्तर ०.८०२ आहे, म्हणजे शंभरला काटा २८०० च्या खाली येईल. मात्र सुटे युनिट विकत घेऊ नका. ओव्हरड्राइव्हच्या बॉक्सचा मेन शाफ्ट वेगळा असतो, म्हणून पूर्ण गिअरबॉक्सच शोधा, तोही पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर टाकताना दात जुळवणारी रचना) नसलेला, १९६७ पूर्वीचा. मागवण्याआधी तुमच्या प्रोपेलर शाफ्टची लांबी मोजून ठेवा आणि समोरच्याकडून त्याच्या बॉक्सच्या मागच्या फ्लँजपर्यंतचे माप लेखी घ्या. तुमची गाडी अजून पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेली असेल तर सोलेनॉइड जोडण्यापूर्वी एकदा मकरपुऱ्याला येऊन जा.

रावपुरेकर

पॉझिटिव्ह अर्थचीच आहे, आणि सीटांमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्याही मूळ जागी आहेत. शनिवारी शाफ्टचे माप घेऊन येतो. बोअरची मापे लिहिलेला कागदही बरोबर आणीन.